बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. वीतभर लांब, ठोकून केलेली, दाराला आडवी बसणारी. कडीला काय सांगण्यासारखं असणार, असं तोंड वाकडं करू नका. मला कुणी सांगायला बोलावलेलं नाही. मनात सलतंय, म्हणून सांगते.

चोपड्याच्या बाजारात उखर्डू लोहाराचं दुकान होतं. तिथे माझा जन्म झाला. उखर्डूनाना मोठे बोलके. "हत्तीनं ढकललं तरी ही कडी निघायची नाही," असं गिऱ्हाइकाला सांगायचे. हत्ती त्यांनी तरी कुठे पाहिला होता! पण ते ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लोखंडाला कुठलं मांस म्हणा, पण बोलायची आपली एक पद्धत असते.

पुढे मला एका आश्रमशाळेसाठी विकत घेतलं. सातपुड्याच्या पायथ्याशी, शेवटची केळीची बाग संपते तिथे ती शाळा आहे. नाव सांगणार नाही. असं एकाच शाळेत घडत असतं, तर सांगितलंही असतं. तिथे मुलींच्या खोलीच्या दाराला मला आतल्या बाजूने बसवलं.

काय सुखाचे दिवस होते ते! पाड्यांवरून आलेल्या पोरी त्या खोलीत राहायच्या. सकाळी आंघोळी झाल्या की मला सरकवायच्या आणि मग आत नुसता कलकलाट. कुणाची रिबीन हरवलेली, कुणाचा कंगवा दुसरीने पळवलेला. मी कुरकुरले की डोक्याला लावून उरलेलं तेल पोरी मला फासायच्या. मला लावायचा मान रूपाचा. आठवीतली, धना आणि भुरीबाईची मोठी लेक. कबड्डीत अशी चपळ की पाय धरेपर्यंत पसार. ती मला लावायची आणि ओरडायची, "आता कुणी या, आम्ही नाही उघडत!" मग सगळ्या खिदळायच्या.

त्या शाळेत जगदीश सर होते. खेळ शिकवायचे, शिस्तही त्यांच्याकडेच. त्यांच्यामुळे शाळेला स्पर्धेतली ढाल मिळाली होती, म्हणून गावात त्यांना केवढा मान! चहावाला त्यांचे पैसे घ्यायचा नाही. एके दिवशी मुली कपडे बदलत असताना त्यांनी दार ढकललं. मी अडवलं.

"उघडा. स्वच्छतेची तपासणी आहे."

"सर, थांबा, आम्ही तयार होतोय," रूपा म्हणाली.

"मला काय पाहुणा समजता का? उघडा!"

पोरींनी भराभर अंगावर टॉवेल ओढले. मास्तर सांगतात म्हटल्यावर पोरी काय करणार? रूपाने मला मागे सरकवलं. त्यानंतर ती तपासणी पुन्हा पुन्हा व्हायला लागली, आणि नेमकी त्याच वेळेला. अहो, स्वच्छता बघायची तर पोरी वर्गात गेल्यावर खोली बघा ना! पण कडीचं कोण ऐकतं?

मग एका दुपारी रूपा धावत खोलीत आली. मला लावलं आणि दाराला पाठ टेकून खाली बसली. जगदीश सरांनी तिला चेंडू काढायला म्हणून खेळाच्या खोलीत बोलावलं होतं. तिथे त्यांनी तिला नको तसा हात लावला होता. हे मला कळलं, कारण तिने ते हेमलता मॅडमना सांगितलं तेव्हा त्या माझ्याजवळच उभ्या होत्या. हेमलता मॅडम म्हणजे मुलींच्या अधीक्षिका. एरंडोलच्या. नोकरी नवी, स्वभाव मऊ, कुणी आवाज चढवला की यांचा बसायचा.

सगळं ऐकून त्या काय म्हणाल्या? "पण तू एकटी तिथे गेलीस कशाला?"

त्या वाईट नव्हत्या हो. घाबरल्या होत्या. पण रूपाचा चेहरा त्या प्रश्नाने असा मिटला, की मला वाटलं, आता ही जन्मात कुणाला काही सांगायची नाही.

तरी मॅडमनी मोठ्या सरांच्या कानावर घातलं. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. त्यांनीही रूपाला बोलावून तोच प्रश्न विचारला म्हणे. मग ते स्वतः खोलीपाशी आले. बरोबर सुतार.

"मुलींच्या सुरक्षेत आपण कुठे कमी पडायला नको," ते म्हणाले. "ही आतली कडी काढ आणि बाहेरून लाव. मुली आतून दार लावून बसतात, आपल्याला पत्ता लागत नाही. शाळा सुटली की सगळ्या आत आणि बाहेरून कुलूप. किल्ली कार्यालयात खिळ्याला राहील."

"सर, पण जगदीश सरांचं..." मॅडम बोलल्या.

"बघू ना. तोंडी समज देतो. जिल्ह्याच्या स्पर्धा आल्यात तोंडावर. उगाच बोभाटा नको, मॅडम. मुलीचंच नाव खराब होतं."

मित्रांनो, मला सांगा, चूक कुणाची आणि कोंडलं कुणाला? आणि किल्ली खिळ्यावर, म्हणजे जाता-येता कुणीही उचलावी. जगदीश सरसुद्धा! एवढी साधी गोष्ट शाळा चालवणाऱ्या माणसाला कळू नये? सुताराने मला उपसून काढलं तेव्हा दाराचं लाकूड कचकन फाटलं. मी पोरींना राखायला होते. त्या दिवसापासून पोरींना डांबायला लागले. मला माझीच किळस आली.

मुलींचं मैदान बंद झालं, कबड्डी बंद झाली. आणि राग कुणावर निघाला? रूपावर. "तुझ्यामुळे आम्ही कोंडलो," शीतल नावाची तिची जिवलग मैत्रीण तिला म्हणाली. कुणी तिच्याशेजारी जेवायला बसेना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जगदीश सर मात्र शिट्टी वाजवत मैदानात फिरत होते. ती शिट्टी ऐकली की माझा नुसता संताप व्हायचा.

मग शनिवारी मोठ्या सरांचा भुरीबाईला निरोप गेला. भुरीबाई पाड्यावरून निघाली, डोक्यावर मोहाची फुलं घेऊन. बाजारात विकायची आणि तशीच शाळेत यायचं, असा तिचा बेत. मोठ्या सरांनी तिच्या हातात रूपाचा शाळा सोडल्याचा दाखला ठेवला. "मुलीचं इथे मन लागत नाही, घरी न्या," एवढंच सांगितलं. घरी गेली असती तर पोरीची शाळा संपली असती. मोठी बहीण म्हणून धाकट्यांना सांभाळायचं, मजुरीला जायचं आणि वर्ष-दोन वर्षांत लग्न. दाखला हातात पडला की पुढचं सगळं आपोआप घडतं.

हेमलता मॅडम भुरीबाईला रूपाची पेटी भरायला खोलीकडे घेऊन आल्या. भरदुपार, आणि मला कुलूप. सगळ्या पोरी कोंडलेल्या बघून भुरीबाई थबकली.

"बठ्ठ्या पोरी कोंडी ठेयेल शेतस?" तिने विचारलं. "आम्ही गोठाले बी दिवसा कडी नही लावतस."

मॅडमनी खाली मान घालून कुलूप काढलं. आत रूपा पेटीवर बसली होती. आईला बघून ती रडली नाही, हेच वाईट. भुरीबाई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"सांग माय. मी आयकस."

बस्स, एवढंच. तिथे का गेलीस, असं तिने विचारलं नाही. आणि मित्रांनो, त्या पोरीने सगळं सांगितलं. अडखळत, मध्येच थांबत. सगळं ऐकून भुरीबाई उठली, दाराशी आली आणि उंबऱ्यावर बसली. दाखल्याची घडी तिने मॅडमच्या हातात परत दिली.

"मन्ही पोरनी काय करं? त्याले धाडा ना घर. तो जाई तवय मी उठसू."

मोठे सर धावत आले. "अहो ताई, असं बसू नका. लोक बघतात."

"बघू द्या," भुरीबाई म्हणाली.

सर मॅडमकडे वळले. "मॅडम, समजवा यांना. तुमची नोकरी अजून पक्की व्हायचीय, लक्षात आहे ना?"

हेमलता मॅडमनी दाखल्याची घडी मुठीत दाबली. इतक्यात आतून शीतल पुढे आली. "मॅडम, रूपा खरं बोलतेय. सरांनी मलाही... मी सांगितलं नाही. मी तिलाच बोलले." आणि ती हमसून हमसून रडायला लागली. तिच्या मागून आणखी एक पोर पुढे आली.

मॅडमनी फोन काढला. लहान मुलांसाठी मदतीचा जो नंबर असतो ना, दहा-अठ्ठ्याण्णव, तो लावला. तो नंबर शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत रंगवलेला होता आणि त्याच्यासमोर सगळे मोटारसायकली लावत. आवाज कापत होता, पण त्या बोलल्या. "हो, माझं नाव लिहून घ्या. मी इथली अधीक्षिका. मला आधी कळलं होतं आणि मी गप्प बसले, हेही लिहा."

त्याच दिवशी साध्या साडीतल्या एक पोलीस बाई आल्या. त्यांनी रूपाला आईशेजारी बसवून सावकाश विचारलं. पोलीस जगदीश सरांना घेऊन गेले. मोठ्या सरांनाही जाब द्यावा लागला, कारण समजल्यावर न कळवणं हासुद्धा गुन्हाच. सगळं गोड झालं असं समजू नका हं. खटला अजून चालू आहे. चहावाला म्हणतो, पोरींनी शाळेचं नाव घालवलं. हेमलता मॅडमशी निम्मे शिक्षक बोलत नाहीत. रूपा कुणी मागून आलं तरी दचकते.

त्या संध्याकाळी भुरीबाई उंबऱ्यावरून उठली आणि लेकीला म्हणाली, "तो तर गया. आते तूच सांग. घर येस का आठे रास?"

मला धाकधूक. इतकं सोसून ही पोर घरीच गेली तर? आणि गेली तर तिला कोणत्या तोंडाने दोष देणार?

रूपाने माझ्याकडे बघितलं. मग मॅडमना म्हणाली, "मी राहीन. पण ही कडी इथून काढा."

मित्रांनो, उखर्डूनानांच्या दुकानात माझं इतकं कौतुक झालं, पण त्या दिवशी पोरीने मला 'काढा' म्हटलं, तेव्हा झाला तेवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मॅडमनी स्वतः पेचकस आणून मला काढलं. पोरींना आतून लावायला नवी कडी मिळाली, आणि मी आता अडगळीत गंजत पडले आहे. पडू दे. माझी एकच विनवणी आहे. तुमच्याकडे कुणी असं काही सांगायला आलं, तर त्याला कोंडू नका, त्याला घरी धाडू नका. आधी त्याच्यासमोर बसा आणि ऐकून घ्या.