तिसऱ्या वळणाची वेळ

भगवंतराव वकिलांच्या दिवाणखान्यात रुग्णसेवा समितीची बैठक भरली, तेव्हा करुणेचा साठा मुबलक होता. उणीव होती ती फक्त तपशिलाची. घाटाखालच्या गावांसाठी बुलढाण्यात एक रुग्णवाहिका हवी आणि तिच्या निधीसाठी मलकापूर रस्त्यावर, घाट चढून बुलढाण्याच्या मैदानापर्यंत, सव्वीस मैलांची मॅरेथॉन दौड घ्यावी, असे ठरले. साल चौसष्ट. राज्य चार वर्षांचे झाले होते, आणि त्या वयाच्या मुलाप्रमाणे त्यालाही पाहुण्यांसमोर धावून दाखवण्याची हौस होती.

प्रत्येक अर्जात ‘धावण्यामागील प्रेरणा’ असा रकाना होता. तो मीच सुचवला. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. माणसांना आपली कारणे ठाऊक असतात, या समजुतीवर माझा चरितार्थ चालतो.

सतरा अर्जांत मानवसेवा होती, नवांत देशसेवा. सत्ताविसावा अर्ज रंगरावचा. घाटाच्या पायथ्याशी वांगी आणि मेथी पिकवणारा हा तिशीतला माणूस दाराशी उभा होता आणि त्याचा रकाना कोरा होता.

“काऊन धावतं बे तू?” भगवंतरावांनी विचारले.

“मले टाइम पाह्यजे, साहेब.”

“टाइम पाह्यजे त घड्याळ घे ना! त्याच्यासाठी सव्वीस मैल काऊन धावा लागते?”

समिती हसली. रंगरावही हसला, मोठ्यांच्या घरात हसू आले की ते वाटून घ्यायचे असते. त्याची बायको वारल्याचे कुणीतरी सांगितले, तसे भगवंतराव गंभीर झाले. “लिहा सर, ‘दिवंगत पत्नीच्या पुण्यस्मृतीस’. लाउडस्पीकरवर चांगलं वाटंल.”

मी लिहिले. माझे अक्षर चांगले आहे.

बाहेर पायरीवर रंगरावने मला गाठले आणि जे रकान्यात मावले नसते ते सांगितले.

तीन वर्षांपूर्वी, चैत्रात, भर दुपारी त्याची पहिलटकरीण बायको रुखमा अडली. रक्त जाऊ लागले. बैलगाडी त्याने स्वतः हाकली. सोबत फक्त सासू केसरबाई. घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडीचा आख मोडला. बुलढाणा तिथून चार मैल. रस्त्याला मोटार नव्हती. त्या दिवशी सगळ्या मोटारी एका सभेला माणसे नेण्यात गुंतल्या होत्या. सभा भगवंतरावांची होती. विषय, ग्रामीण आरोग्य.

रंगराव डॉक्टरांना आणायला धावणार, तोच केसरबाईने त्याच्या हातात विळा दिला. अडलेल्या बाईच्या उशाशी लोखंड हवे, रानावनात ते नवऱ्याच्याच हातात हवे, आणि त्याने तिथून हलता कामा नये. रंगराव बसला. विळा धरून अडीच तास बसला. बाई गेली, पोटातले मूलही गेले. तासाभरात निरोप पोचला असता तर वाचवली असती, असे डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले.

“तवापासून मामी रोज पुसते, ‘जवाई, गेले असते त पोचले असते काय?’ मी म्हनतो, नाही. पन मले काय मालूम, सर?”

“मग एकट्यानं धावून बघायचं होतंस.”

“पाह्यलं ना. एकटा धावलो का पाय आपोआपच सुस्त पडतेत. मांगं मानसं लागली म्हंजे लबाडी होत नाही. तुमी निसतं तिसऱ्या वळनावर अन् मंग बुलढान्यात पोचलो का घड्याळ पाहा. एक घंट्याच्या वर गेलो पाह्यजे. जीव तोडून धावलो पाह्यजे, अन् तरी घंट्याच्या वर गेलो पाह्यजे.”

मानवी हेतूंवर मी बरेच वाचले आहे. उशीर व्हावा म्हणून छाती फुटेपर्यंत धावणारा माणूस मला कोणत्याही ग्रंथात भेटला नव्हता.

दौड जानेवारीत झाली. मी तिसऱ्या वळणावर, समितीच्या पाणपोईपाशी उभा राहिलो. रुखमा जिथे गेली तिथे रंगरावने एक दगड ठेवला होता. दगड सपाट होता, म्हणून स्वयंसेवकांनी त्याच्यावर माठ ठेवला होता.

रंगराव तिसरा आला. त्याने पाणी घेतले नाही. वाकून माठ उचलला, बाजूला जमिनीवर टेकवला आणि धावत सुटला. मी चिठ्ठीवर लिहिले: दहा चौदा.

मग समितीच्या जीपमधून मी वर निघालो. वाटेत आम्ही त्याला मागे टाकले. मान एका बाजूला कलली होती, कॅनव्हासच्या बुटातून रक्त झिरपत होते. चौथा गडी त्याच्या पाठोपाठ होता. रंगराव हळू झाला नाही. मी मनात म्हणत होतो, हो, हळू हो.

मैदानात त्याने दोरी ओलांडली तेव्हा लाउडस्पीकरवर पुण्यस्मृती चालू होती. मी लिहिले: अकरा सहा. तो माझ्या पायाशी कोसळला.

“किती?”

हातातला पुरावा बदलायचा नसतो, हे मी मुलांना दरवर्षी पहिल्याच तासाला सांगतो.

“बावन्न मिनिटं.”

“बावीस मैल धावून बावन्न,” तो म्हणाला. “तवा त पाय ताजे होते.”

गर्दीतून केसरबाई आली. वाळून गेलेली म्हातारी. हातात पाण्याचा लोटा. तिने ना त्याच्या पायांकडे पाहिले, ना लोटा पुढे केला.

“जवाई, कितीक लागले?”

रंगरावने मान वर केली. “पावनेदोन घंटे, मामी.”

“पावनेदोन?”

“हाव. घाट लय उभा हाय. गेलो असतो तरी पोचलो नसतो. तुमी बसवलं तेच बरं झालं. तिच्याजवळ त होतो.”

तिचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. विश्वास होता तो घड्याळवाल्यावर. ती माझ्याकडे वळली. “खरं व्हय का, मास्तर?”

चिठ्ठी माझ्या हातात होती. तिला वाचता येत नव्हते.

“खरं आहे,” मी म्हणालो.

ती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. लोट्यातले पाणी रंगरावने तिलाच पाजले.

मंचावरून भगवंतराव तिसऱ्या क्रमांकाचे नाव पुकारत होते. रंगराव उठला. माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन त्याने तिच्या चार घड्या केल्या, ती टोपीत ठेवली, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि भगवंतरावांच्या हातून हार घालून घ्यायला लंगडत मंचाकडे निघाला.