टाच टेकवून

"पायाला हात नको लावू, बेटा," अंजनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी उजवा पाय मागे घेतला.

समोर बुटक्या स्टुलावर बसलेली मोनाली हसली. बत्तीस-तेहतीस वर्षांची ही मुलगी नागपूरची. नवरा फौजेत. वर्षभरापूर्वी त्याची बदली जबलपूरला झाली, तेव्हा हिनं नेपियर टाउनमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर आपला छोटा दवाखाना थाटला होता. बाहेरच्या पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' असं लिहिलेलं होतं. आत येण्याआधी अंजनीबाईंनी ते दोनदा वाचलं, तरी तो शब्द त्यांच्या जिभेवर बसला नाही.

"काकू, दुखणं पायाचं आहे. मग हात कुठं लावू?"

"ते खरं. पण दिवसभर धुळीत चालून राहिली मी. आणि तू डॉक्टर माणूस."

"मी गोळ्या-इंजेक्शनवाली डॉक्टर नाही. सांधे हातानं मोकळे करते. तुम्ही मनात आशीर्वाद देऊन टाका, म्हणजे तुम्हाला अवघड नाही वाटणार."

अंजनीबाईंनी खरोखरच मनात 'सुखी राहा' म्हटलं आणि पाय पुढे केला.

अंजनी टेंबे पोस्टात होत्या. खमरियाच्या कारखाना वसाहतीत त्या टपाल वाटायच्या. ही नोकरी आधी त्यांच्या नवऱ्याची, शरच्चंद्र टेंब्यांची. चौदा वर्षांपूर्वी ते काविळीनं गेले आणि अनुकंपेवर ती अंजनीबाईंना मिळाली. तोवर त्या घराबाहेर फार पडलेल्या नव्हत्या. सायकल येत नव्हती, स्कूटर तर दूरच. म्हणून ऑटोनं वसाहतीच्या फाटकापर्यंत जायचं आणि पुढचं सगळं पायी, असा त्यांचा रिवाज पडला. रजिस्टर, स्पीड पोस्ट, पेन्शनचे कागद, लग्नपत्रिका. लोक त्यांना डाकवाली दीदी म्हणायचे.

गेल्या आठ महिन्यांपासून उजवी टाच दुखत होती. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. पंधरा-वीस पावलांनी जरा सैल पडायचं, आणि दुपारी शेवटच्या जिन्यांवर पुन्हा सुरू. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, आता ऑपरेशन केल्याशिवाय सुटका नाही. तेव्हापासून अंजनीबाईंनी तो एक्स-रे कपाटाच्या मागे ठेवून दिला होता. त्यांच्या मुलीनं, अपूर्वानं, तो शोधून काढला आणि मोबाइलवरून इथली वेळ घेतली.

मोनालीनं एक्स-रे उजेडात धरून पाहिला. मग त्यांना खोलीभर चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, पाठ आणि कंबर तपासली. शेवटी अंगठा मागे वाकवून टाचेच्या आतल्या बाजूला दाबलं, तशा अंजनीबाई कळवळल्या.

"हेच ते. काकू, हे वाढलेलं हाड कित्येकांना असतं, आणि त्यांना काही दुखत नाही. तुमचं दुखून राहिलं ते त्याच्या खालचं. तळव्याला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, पायाची कमान तो सांभाळतो. त्याच्यावर रोज जास्त ओढ बसून राहिली आहे."

"मग ऑपरेशन?"

"त्याचं आत्ता नावच नको. बहुतेकांचं त्याशिवाय बरं होतं, पण वेळ लागतो. दीड-दोन महिने तरी द्या. फरक नाही पडला तर मी स्वतः तुम्हाला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवीन."

कोपऱ्यात बसलेल्या अपूर्वानं विचारलं, "मैम, वो वीडियो में जैसे कट-कट करते हैं, वैसा करेंगी?"

"मानेला तर मी हातही लावणार नाही. घोट्याला लावीन. आवाज आला तर आला, नाही आला तरी चालते. त्या आवाजात औषध नसतं."

तिनं पाऊल दोन्ही हातांत धरलं, घोटा हळूहळू फिरवला, आणि अंजनीबाई श्वास सोडत असताना एक छोटासा हिसका दिला. बोट मोडल्यासारखा बारीक आवाज झाला. दुखलं मात्र नाही. मोनाली घोटा पुन्हा वाकवून पाहत राहिली.

"हा कधी मुरगळला होता का? फार जखडला आहे."

"नाही," अंजनीबाई लगेच म्हणाल्या.

त्या आठवड्यात पोस्टमास्तरांनी त्यांना आत बोलावलं. माणूस भला होता, पुढच्या वर्षी निवृत्त होणारा. "टेंबे मैडम, आपको लँगड़ाते देखता हूँ तो अच्छा नहीं लगता," ते म्हणाले. "पहली तारीख से काउंटर पर बैठिए. बीट बेबी को दे देते हैं."

बेबी कुशवाहा ही नवी पोस्टवाली. अंजनीबाईंचा तिच्यावर काही राग नव्हता. पण आपण काचेमागे बसून तिकिटं विकतोय आणि वसाहतीतल्या जिन्यांवर दुसरंच कुणी चढतंय, हे चित्र त्यांच्यानं सोसवेना. चौदा वर्षांत त्या जे काही झाल्या होत्या, ते त्या जिन्यांवरच झाल्या होत्या.

"डेढ़ महीना दीजिए, सर. उसके बाद जो आप कहें."

साहेबांनी मान्य केलं. तोवर अर्धी बीट, म्हणजे रोजच्या वाटपाचा अर्धा भाग, बेबी करील असं ठरलं.

मोनालीनं सांगितलेलं सगळं अंजनीबाई शाळकरी पोरीच्या निष्ठेनं करू लागल्या. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी टॉवेल पावलात अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. घरात फरशीवर अनवाणी चालायचं नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं. स्वयंपाकघरात चपला घालायच्या म्हणजे काय. शेवटी अपूर्वानं नवीकोरी जोडी आणली आणि ओट्याजवळ ठेवली. "ये सिर्फ किचन की हैं. अब भगवान भी कुछ नहीं बोलेंगे."

पहिल्या दहा दिवसांत बरं वाटलं. आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दुखणं जसंच्या तसं परत आलं, उलट जास्तच. त्या दिवशी वाटपाला त्यांना दुपारचे तीन वाजले. संध्याकाळी त्या दवाखान्यात आल्या त्या सांगायलाच, की आता येत नाही.

"राहू दे, बेटा. तुझी काही चूक नाही. आमचंच शरीर झिजलं."

मोनालीनं वाद घातला नाही. तपासणीच्या टेबलाकडे हात केला. "आज आलाच आहात तर पडा पाच मिनिटं." तिनं घोटा हातात घेतला आणि पुन्हा वाकवून पाहिला. मग म्हणाली, "काकू, मी तीन खेपा हा सांधा सोडवते आणि तो परत आखडते. असा घोटा आपोआप होत नाही. तुम्ही काहून सांगत नाही, मला माहीत नाही. पण कळलं तर मला सोपं जाईल."

अंजनीबाई छताकडे पाहत होत्या.

"नोकरीचा दुसरा महिना होता," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावरून उतरत होती. कोणी तरी जिना धुतला होता. पाय गेला आन् मी सहा-सात पायऱ्या खाली. सगळं टपाल उडालं. घोटा हा एवढा सुजला."

"मग?"

"मग काय. टपाल गोळा केलं. रुमाल बांधला कसून. चाळीस-एक पत्रं उरली होती, ती वाटली आन् घरी गेली."

"डॉक्टरकडे?"

"नाही ना. आमचे दीर तेरवीलाच सगळ्यांसमोर बोलून गेले होते, ये दो महीने में नौकरी छोड़ देगी. दोन महिने व्हायला चार दिवस होते. मी लंगडली असती तर त्यांचं खरं झालं असतं. कोणाला नाही सांगितलं. टाच टेकवली की घोट्यात कळ यायची, म्हणून टाच उचलून चालायची. मग तसंच चालायची सवय झाली."

मोनालीनं मान हलवली. "म्हणजे चौदा वर्षं हा घोटा पूर्ण वाकलाच नाही. टाच लवकर उचलली जाते, आणि सगळी ओढ तळव्यावर. शरीर नाही झिजलं, काकू. त्यानं तुमचं ऐकलं फक्त. आता आपण त्याला दुसरं सांगू."

अंजनीबाईंना वाटलं होतं, हे कधी बोलावं लागलं तर रडू येईल. रडू आलं नाही. भूक लागली. इतकी की बाहेर आल्याबरोबर त्यांनी तिथं वाट पाहत बसलेल्या अपूर्वाला घेऊन हलवायाचं दुकान गाठलं आणि खव्याची जिलबी मागवली. ती खाता खाता मुलीलाही सगळं सांगितलं.

अपूर्वाचा हात द्रोणात तसाच राहिला. "मम्मी, तुम रोज़ गरम पानी में पैर रखके बैठती थीं. मुझे लगता था तुमको अच्छा लगता है."

"तू नऊ वर्षांची होती. तुला काय सांगू?"

"अब तो तेईस की हूँ."

"म्हणून तर सांगून राहिली. खा, थंडी होऊन राहिली जिलबी."

मोनालीनं व्यायाम बदलले. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायची, गुडघा भिंतीला लावायचा पण टाच उचलायची नाही. बुटांत कमानीला आधार देणारा तळ बसवून दिला, पिशवी एका खांद्यावरून काढून पाठीवर चढवली. आठवड्यातून एकदा घोटा आणि पावलाचे बारीक सांधे मोकळे करणं चालू राहिलं. दुखणं एका दिवसात गेलं नाही. कधी कमी, कधी जास्त असं करत ते मागे सरकलं. सातव्या आठवड्यात एका सकाळी अंजनीबाईंनी दूध तापवलं, चहा टाकला, तुळशीला पाणी घातलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आज टाचेची आठवणच झाली नाही. त्या तुळशीपाशीच थोडा वेळ उभ्या राहिल्या. काही करायचं नव्हतं म्हणून नव्हे. नुसतं उभं राहणं बरं वाटत होतं.

पोस्टमास्तरांनी त्यांना ऑफिसात चालताना पाहिलं आणि म्हणाले, "तो मैडम, बीट पूरी वापस?"

अंजनीबाईंनी यावर आधीच विचार केला होता. मोनाली म्हणाली होती, चाला, पण पहिल्यासारखं स्वतःला हाणू नका. "नहीं सर. तीन मंज़िल वाले ब्लॉक मेरे. पीछे की बंगला लाइन बेबी को ही रहने दीजिए."

मागची बंगल्यांची ओळ सपाट होती, सोपी होती. पण शरच्चंद्रांना ओळखणारी उरलीसुरली माणसंही तिथंच राहत होती. जिने सोडले असते तर कुणीही समजून घेतलं असतं. त्यांनी ओळ सोडली. जिने त्यांचे स्वतःचे होते.

सोमवारी त्या बेबीला घेऊन तिथं गेल्या. अर्धवट कामचलाऊ वाटप वेगळं आणि बीट हातात देणं वेगळं. कुठल्या घरी घंटी वाजत नाही, कुणाला सही करायला चष्मा शोधावा लागतो, कुणाच्या फाटकाला आतून हात घालावा लागतो, सगळं दाखवलं. शेवटच्या बंगल्यात तिवारी अम्मा व्हरांड्यात मटार सोलत बसल्या होत्या. नव्वदीकडे झुकलेल्या. चौदा वर्षांपूर्वी, अंजनीबाई पहिल्यांदा या व्हरांड्यात उभ्या राहिल्या तेव्हा अम्मांनी विचारलं होतं, "शरद बाबू की जगह आई हो?"

"अम्मा, ये बेबी है. अब यही आएगी आपके यहाँ."

अम्मांनी बेबीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "अंजनी की जगह आई हो?"

बेबीनं हो म्हटलं. अंजनीबाईंनी अम्मांपुढची एक मटाराची शेंग उचलून सोलली, दाणे परातीत टाकले आणि वाकून अम्मांच्या पायांना हात लावला. अम्मा कधी कुणाला पायाला हात लावू देत नसत. आज त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

परतीच्या रस्त्यावर दोघी ब्लॉकांच्या दिशेनं निघाल्या. उन्हं चढली होती. थोड्या वेळानं मागून बेबीचा आवाज आला.

"दीदी, ज़रा धीरे चलो ना."

अंजनीबाई थांबल्या आणि तिला बरोबर येऊ दिलं.