पलंगावरचा फोटो

दरवर्षी पाच फोटो काढावे लागायचे, आणि नऊ वर्षं ते लमूननेच काढले होते. पहिला फाटकापाशी, घराचा नंबर दोघांच्या डोक्यांच्या मधे दिसेल असा. दुसरा बैठकीत, तिसरा स्वयंपाकघरात, चौथा निजायच्या खोलीत पलंगावर बसून, आणि पाचवा साक्षीदारासोबत. हा म्हातारा इंग्रज आणि ही गावातली बाई खरोखरच नवरा-बायको म्हणून एका घरात राहतात, हे इमिग्रेशनच्या साहेबांना फोटोंवरून पटावं लागायचं. मग कधीतरी एखादा अधिकारी प्रत्यक्ष येऊन बघून जायचा, आणि डेसला आणखी एक वर्ष राहायला मिळायचं.

पलंगावरचा फोटो सगळ्यांत अवघड. खिडकी पलंगाच्या मागे असल्यामुळे उजेड उलटा यायचा आणि चेहरे काळे पडायचे. लमूनने दुसऱ्याच वर्षी उपाय शोधला होता. पडदा ओढायचा, दार सताड उघडायचं आणि कपाटाला पाठ टेकवून उभं राहायचं. तिथून वानपेन आणि डेस दोघंही नीट यायचे. वानपेन, म्हणजे लमूनची थोरली बहीण, दरवेळी म्हणायची, "लवकर काढ गं, या वयात पलंगावर बसून लाजायचं तरी किती."

वानपेन जानेवारीत गेली. पित्तनलिकेचा कर्करोग. निदान झाल्यापासून सात आठवडे. त्यानंतर लमूनला लोक जे काही विचारत, त्याला ती "चालेल" म्हणत असे. भिक्खूंना किती वाजता बोलवायचं, अस्थी देवळाच्या भिंतीतल्या कुठल्या कोनाड्यात ठेवायच्या, ताईच्या कमरेला गुंडाळायच्या सिनांचं काय करायचं. चालेल. कोनाडा डेसने निवडला, पूर्वेकडचा, आणि शेजारचा रिकामा कोनाडा स्वतःसाठी मागून ठेवला. रोज सकाळी सायकलवरून तो तिथे जायचा, अर्धा तास बसायचा आणि परत येऊन अंगण झाडायचा. लमून पलीकडच्या आपल्या घरातून भाताची टोपली आणून त्याच्यासमोर ठेवायची. दोघं जेवायचे. पंखा फिरत राहायचा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मालिवन आली. तालुक्याच्या गावी तिचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि आसपासच्या सगळ्या फरांग, म्हणजे गोऱ्या परदेशी लोकांचे कागद तीच करायची. सोबत तिचे वडील होते, गावचे प्रमुख थोंगबाय. साक्षीदार म्हणून नऊही फाइलींवर त्यांचीच सही होती.

"डेसकाका, सरळ सांगते," मालिवन चटईवर बसत म्हणाली. "बायको होती म्हणून बायकोवरचा व्हिसा होता. मावशी गेल्या, आता तो पुढे मिळणार नाही. तारीख जूनमधे संपते."

"मग म्हाताऱ्यांचा काढ," डेस म्हणाला. गावची भाषा तो हळू पण बरोबर बोलायचा. "मी म्हातारा आहे. हे कुणाला दाखवावं लागणार नाही."

"त्याला बँकेत दुप्पट पैसे लागतात, आणि अर्ज करायच्या आधी दोन महिने ते तिथे पडून असावे लागतात. म्हणजे सोमवारपर्यंत भरायला हवेत."

डेसकडे दुप्पट कधीच नव्हते. ट्रक विकला तोही दवाखान्यासाठी, आणि पेन्शन एवढीशी.

"नाहीतर परत जावं लागेल," मालिवन म्हणाली.

परत म्हणजे लीड्सजवळच्या एका गावात. तिथे एक पुतण्या होता. डेस इथे आल्यापासून अकरा वर्षांत त्याचा फोन दोनदा आला होता.

थोंगबायने घसा खाकरला. "तिसरा रस्ता आहे. ही लमून बावीस वर्षं विधवा आहे. तालुक्याला जाऊन लग्नाची सही केली की झालं. बँकेतले आहेत तेवढे पैसे पुरतात."

"बाबा, जरा दमानं."

"दमानं काय? मी दोनदा लग्न केलं. दोन्ही वेळा सहीपलीकडे काही केल्याचं आठवत नाही."

"आईला सांगू?"

"तिला माहीत आहे."

सगळे लमूनकडे बघायला लागले. ती भाताच्या टोपलीचं झाकण लावत होती. डेस इथून गेला तर सकाळी कोनाड्यापाशी कोण बसेल, एवढंच तिच्या मनात आलं. त्यापलीकडे काही आलं नाही. तिने आत शोधून पाहिलं. राग नव्हता, लाजही नव्हती.

"चालेल," ती म्हणाली.

डेसने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "तुला त्रास," तो म्हणाला.

"त्रास नाही, भावोजी."

"भावोजी म्हणायचं आता सोडा मावशी," मालिवन म्हणाली. "साहेबांसमोर तोंडून निघालं तर घोळ होईल. चला, फोटो कसे येतात ते आजच बघून ठेवू. पलंगावरचाच आधी."

खोलीत शिरताना लमूनने सवयीने पडदा ओढला, दार सताड उघडलं आणि कपाटाकडे निघाली. मालिवनने तिला दंडाला धरून पलंगाकडे वळवलं. "तुम्ही तिकडे."

पलंगपोस तोच होता, निळा, कडेला हत्ती असलेला. डेस डावीकडे बसला. उजवीकडे, खिडकीच्या बाजूला, लमून बसली. गादी तिथे जराशी खोल होती. मालिवन कपाटाला पाठ टेकवून उभी राहिली. लमूनला पहिल्यांदाच ते कपाट समोरून दिसलं. त्याच्या कडेचा रंग एका जागी, तिच्या खांद्याच्या उंचीवर, उडाला होता.

"जवळ सरका. अजून. काका, हात कुठेतरी ठेवा ना, बसमधे बसल्यासारखे काय बसलात."

डेसने हात उचलला, हवेत थांबवला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"असू दे," थोंगबाय दारातून म्हणाला. "आता मी साहेब बनतो. नवी बायको म्हणून ते उलटसुलट विचारणारच. हां, मिस्टर डेसमंड. बायको कुठल्या बाजूला झोपते?"

"खिडकीकडे. पहाटे पंखा बंद करायला तिला उठावं लागतं."

"बरोबर. बायकोला खायला काय आवडतं?"

"बांबूच्या कोंबांचं कालवण," डेस लगेच म्हणाला. "कडू असलेलं. आंबवलेल्या माशांचा पलारा जास्त घालून. मी म्हणतो वास येतो, तर ती आणखी एक चमचा घालते."

थोंगबाय हसायला लागला. "अरे बाबा, हिने सहा वर्षांत कोंबांना हात लावलेला नाही. गुडघे धरतात हिचे. अख्ख्या गावाला—"

तो मधेच थांबला. मालिवनने फोन खाली केला.

डेसला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "पुन्हा विचारा. मी पाठ करेन. लमूनला काय आवडतं?"

तो लमूनकडे बघत होता, परीक्षेला बसलेल्या माणसासारखा. त्याची पाटी कोरी होती असं नाही. ती पूर्ण भरलेली होती, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव लिहायचं म्हणजे आधी ती पुसावी लागली असती. साहेब येईपर्यंत त्याने ती पुसलीही असती. इथे राहण्यासाठी तो रोज थोडी थोडी पुसत बसला असता.

लमून उठली. गुडघा दुखला, आणि जानेवारीपासून पहिल्यांदाच काहीतरी दुखल्याचं तिच्या लक्षात आलं.

"दादा," ती थोंगबायला म्हणाली, "तो रस्त्याकडेचा शेताचा तुकडा तुम्हाला अजून हवाय?"

थोंगबाय चार वर्षं त्या तुकड्यासाठी वानपेनच्या मागे होता. त्याने मुलीकडे बघितलं. "हवा तर आहे. पण हे काय मधेच?"

"पैसे सोमवारच्या आत डेसच्या खात्यात पडले पाहिजेत. दोनदा सही करता येते, तर तिसरीही येईल."

"लमून, नको," डेस म्हणाला. "ती वानपेनची जमीन आहे."

"माझी आहे. ताईनं माझ्या नावावर केली. भात कुणी लावायचा तिथे आता? मी?"

"मी ते कधी फेडणार?"

"बँकेतच तर पडून राहणार. खाऊन थोडेच टाकणार आहात."

"पण मग," तो म्हणाला, आणि शब्द शोधत थांबला. "वानपेन नाही. लग्न नाही. मग मी इथे तुझा कोण?"

"भावोजी," लमून म्हणाली. "आहात तेच."

मालिवनने पिशवीतून दुसरा, म्हाताऱ्यांच्या व्हिसाचा अर्ज काढला. "या व्हिसाला घराचे फोटो लागत नाहीत. घरी कुणी येत नाही. फक्त एकट्याचा एक, पांढऱ्या भिंतीसमोरचा." तिने फोन लमूनच्या हातात दिला. "तुम्हीच काढा. तुमचा हात बसलाय."

बैठकीतली भिंत पांढरी होती. लमूनने तिथे स्टूल ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली. उजेड बाजूने येत होता, चेहऱ्याचा एक भाग जरा अंधारात राहत होता, पण चालण्यासारखं होतं. डेस बसला. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली आणि सरळ बघू लागला.

फोनच्या पडद्यावर तो अगदी डावीकडे आला होता. उजवीकडे एका माणसाएवढी भिंत रिकामी होती.

लमूनने अंगठा बटणावरून काढला. स्वयंपाकघरात पाणी उकळत होतं.

"भावोजी," ती म्हणाली, "जरा मधे या."

त्याने उजवीकडे बघितलं. मग स्टूल हाताने धरून थोडंसं सरकवलं, आणखी थोडंसं, आणि मधे येऊन बसला.