अकरा मान्यवर आणि तीन मिनिटे

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, त्या दिवशी सभागृहात काय काय होते ते आधी मोजून सांगतो. खुर्च्या दोनशे चाळीस. त्यांवर विद्यार्थी एकशे सत्त्याऐंशी. मंचावर मान्यवर अकरा, शाली अकरा, नारळ बारा. बारावा नारळ कोणासाठी होता हे शेवटपर्यंत कळले नाही. नवे बिनतारी माईक दोन, आणि टेबलाखालच्या खोक्यात मी.

माझी रचना साधी आहे. पुढे जाळी, तिच्यामागे पातळ पडदा, पडद्याला चिकटलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि लोहचुंबक. कोणी बोलले की हवा हलते, हवेने पडदा हलतो, गुंडाळीत किंचित वीज तयार होते आणि वायरीतून पुढे जाते. बोलणारा कोण आहे हे पडद्याला कळत नाही.

गंगापूर रोडजवळच्या या महाविद्यालयात मी सोळा वर्षांपूर्वी आलो. स्नेहसंमेलने, रक्तदान शिबिरे, कोणाच्या तरी हरवलेल्या किल्ल्या, सगळे माझ्यातून गेले. "आवाज काय खणखणीत आहे!" असे लोक म्हणत. मग बिनतारी माईक आले. माझ्या जाळीला पोचा पडला होता, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी होती. मी खोक्यात गेलो. तीन वर्षांत एकदाच कोणीतरी खोके उचलले, तेही खालचे झुरळ मारायला.

त्या दिवशी विद्यार्थ्यांची सादरीकरणे होती. विषय 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि माहितीची ताकद'. सहा विद्यार्थी, प्रत्येकी सात मिनिटे. पण आपल्याकडे आधी सत्कार होतात. अकरा सत्कारांना बावन्न मिनिटे लागली, आणि तेवढ्यात दोन्ही नव्या माईकचे सेल संपले. म्हणून मला बाहेर काढले. सूत्रसंचालन करणाऱ्या नवनाथ सरांनी जाहीर केले, "आता प्रत्येकी तीनच मिनिटे."

मंचामागे रोशनी उभी होती. पेठकडच्या एका पाड्यावरची, पहिल्या वर्षाची. तिच्या पाड्यावर एकच हातपंप. तिने माहितीच्या अधिकारात त्याची माहिती मागवली, तेव्हा पाणीपुरवठा विभागाचे उत्तर आले होते, 'पंप चालू आहे.' एका ओळीत प्रकरण मिटले. आज त्या विभागाचे साहेब मान्यवरांत बसले होते. ते परत कधी भेटणार?

तिच्या आधीच्या पाच जणांनी रीतीप्रमाणे अकराही मान्यवरांची नावे हुद्द्यांसह घेतली. पहिल्याला त्यासाठी दोन मिनिटे पंचावन्न सेकंद लागले. 'माहिती ही फार मोठी' एवढे तो बोलला आणि त्याने पान उलटले, तोच घंटा वाजली.

घंटा रोशनीच्या मैत्रिणीकडे, सायलीकडे होती. ती कुजबुजली, "अगं, निदान अध्यक्षांचं नाव घे. नाहीतर सर तुला पुढच्या जन्मीच बोलावतील."

रोशनीने मला धरले.

"नमस्कार. आमच्या पाड्यावर चौतीस घरं हायेत आणि हातपंप एक."

"अगं, मान्यवर राहिले!" नवनाथ सर बाजूने म्हणाले. मी तेही सभागृहभर ऐकवले.

"सर, तीनच मिनिटं हायेत. मान्यवर मागून घेते."

सभागृह हसले. अध्यक्षही हसले, मग सरांना हसावे लागले.

रोशनी हसली नाही. "चाळीस दिवस आम्ही मोजलं. हंडा पंधरा लिटरचा, रोज तोच. दिवसातून तीनदा. मोबाईलचं घड्याळ माझी मावशी, भागीबाई, लावायची. हंडा भरायला सरासरी एकोणीस मिनिटं लागली." मागच्या पडद्यावर एकशे वीस ठिपक्यांचा आलेख होता.

साहेब खुर्चीतच पुढे सरकले. "पण बाळ, आमच्या नोंदीत पंप चालू आहे."

"चालूच हाय, साहेब. मी बंद कुठं म्हटलं? एकोणीस मिनिटं लागतात, एवढंच म्हणते."

या वेळी कोणी हसले नाही. साहेबांनी खिशातून पेन काढले. "पाड्याचं नाव सांग. सावकाश सांग."

ती नाव सांगत असतानाच तीन मिनिटे संपली. सायलीने घंटा वाजवली नाही.

मित्रांनो, मला आता खोक्यात ठेवत नाहीत. पण माझ्यावर फुंकर मारू नका, थुंकीने जाळी गंजते. बोटाने ठोकू नका, पडदा सैल होतो. माझी वायर कोपराभोवती करकचून गुंडाळू नका, ती आतून तुटते. आणि सत्कार थोडे आवरते घ्या. माझ्यासमोर उभे राहून काही सांगायला आलेल्या माणसाला ते सांगता आले पाहिजे.

महिनाभराने पुन्हा कार्यक्रम होता. सकाळी रोशनी मला तपासायला आली. एरवी लोक 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' म्हणतात. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि सायली. रोशनीने बटण दाबले आणि वहीत बघून वाचले.

"हंडा एक. पंधरा लिटर. वेळ, एक मिनिट पंचवीस सेकंद."