पडद्यावरचा पहिला प्रश्न

"मॅडम, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात निळं बटण आहे बघा. सापडलं?"

"हो, सापडलं," खोलीतल्या सगळ्यांत वयस्कर बाई म्हणाल्या. त्यांना बटण सापडलं नव्हतं, कोपराही सापडला नव्हता.

"मग दाबा ते."

बाईंनी अंदाजानं माऊस सरकवला आणि दाबलं. लगेच त्यांच्या संगणकातून टाळ्या आणि पिपाण्या वाजायला लागल्या. चाचणी संपल्यावर पहिल्या आलेल्या मुलासाठी वाजतं ते संगीत. पंचवीस भाषाशिक्षकांच्या माना वळल्या.

"वा बाई," शेजारचे सर म्हणाले. हे सर दुसऱ्या शाळेतले. आवाज असा दणदणीत, की त्यांच्या एका तासात आजूबाजूच्या तीन वर्गांचा धडा होऊन जाई. "अजून एक प्रश्न काढला नाहीत, आणि बक्षीससमारंभ उरकून मोकळ्या!"

सगळी खोली हसली. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वयाला कुठली ही यंत्रं जमतायत!" प्रशिक्षण देणारी मुलगी, जेमतेम पंचविशीची, लगबगीनं आली आणि तिनं संगीत बंद केलं. "असू दे मॅडम. सवय नसली की होतं असं."

बाईंना नेमकं हेच हवं होतं. लोकांनी आपल्याला अडाणी म्हणावं, यंत्राला बिचकणारी म्हातारी म्हणावं, हवं तेवढं हसावं. फक्त खरं कारण कुणाच्या ध्यानात येऊ नये. कारण खरं कारण हे होतं, की बाईंना पडद्यावरची अक्षरं दिसतच नव्हती.

अडीच वर्षांपूर्वी ते सुरू झालं. आधी ओळीतला मधला शब्द नाहीसा व्हायचा, मग अख्खी ओळ. आता जिथे बघावं तिथेच मधोमध एक धुरकट ठिपका उभा राहायचा आणि कडेकडेचं तेवढं शाबूत दिसायचं. माणसाचा चेहरा बघायचा असेल तर त्याच्या कानाच्या पलीकडे बघावं लागे. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की चालता-फिरता येईल, घरात वावरता येईल, पण वाचन आता विसरा. बाईंनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि तिसऱ्या कुणाला सांगायचं नाही म्हणून त्याला शपथ घातली.

शाळेत त्यांनी निभावून नेलं होतं. एकतीस वर्षं भाषा शिकवल्यावर धडे तोंडपाठ असायचेच. पुस्तक उघडं धरायचं, धडा घडाघडा म्हणायचा आणि जिथे पान संपतं तिथे पान उलटायचं. मुलांना वाटे की बाई खिडकीबाहेर बघतायत, आणि नेमकी तेव्हाच बाई शेवटच्या बाकावरच्या कुणाला तरी नावानं हाक मारून दप्तरातला हात बाहेर काढायला लावत. कडेची नजर अजून पक्की होती. परीक्षेचे पेपर नवरा घरी वाचून दाखवी. रोजच्या वह्यांचं काय, तर वर्गातच शाईचा अंदाज घेऊन खाली 'छान' लिहायचं आणि सही ठोकायची. त्याबद्दल त्यांचं मन त्यांना खात असे, पण त्या मनाला म्हणत, दोनच वर्षं राहिलीत निवृत्तीला.

आणि आता हे प्रशिक्षण आलं. तीन दिवसांचं, प्रत्येक भाषाशिक्षकाला सक्तीचं. ऑनलाइन तास कसा घ्यायचा, चाचणी कशी बनवायची, मुलांकडून ती कशी सोडवून घ्यायची. तिसऱ्या दिवशी खात्याचे साहेब मागे बसणार आणि प्रत्येकानं आपापल्या वर्गाची चाचणी त्यांच्यासमोर घेऊन दाखवायची. प्रश्न मोठ्या पडद्यावर येईल, शिक्षकानं तो वाचायचा, मुलांनी हातातल्या टॅबवर पर्याय दाबायचा, मग पडद्यावर रंगीत खांब उभे राहतील आणि त्यावर शिक्षकानं चर्चा घ्यायची. ज्याला जमणार नाही त्याला वर्गावरून काढून शैक्षणिक साहित्य ठेवायच्या खोलीत बसवणार, अशी कुणकुण होती. बाईंना त्या खोलीची भीती नव्हती. का जमलं नाही, हा प्रश्न कुणीतरी विचारेल याची होती. एकदा तो विचारला गेला की डोळ्यांची तपासणी आलीच, आणि मग वर्ग गेलाच. वर्ग नसलेल्या शाळेत सकाळी कशाच्या ओढीनं जायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्या तेव्हा नवरा ओट्याशी भांडी पुसत होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. आता दुकान बंद केलं होतं, पण बारीकसारीक बघण्याची खोड गेली नव्हती.

"आलात का मास्तरीणबाई? चेहरा का असा?"

"चेहरा राहू दे. प्रश्न काढा."

दहा प्रश्न त्यानंच बाईंच्या सांगण्यावरून फोनवर टाइप केले होते. एका नावाड्याच्या आणि त्याच्या भावाच्या गोष्टीवर. तो वाचत गेला आणि बाई डोळे मिटून म्हणत गेल्या. पहिला प्रश्न, त्याचे चार पर्याय. दुसरा, त्याचे चार. सातव्याला अडखळल्या, तर पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, एवढ्या वेळात मी सुद्धा नावाडी होईन."

"हसू नका हो. उद्या माझं काही खरं नाही."

त्यानं फडकं खाली ठेवलं. "सांगून टाक ना त्यांना. गुन्हा केलायस का काही?"

"सांगितलं तर उद्याच घरी बसवतील."

"मग बसू दोघं."

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या, "मला जमायचं नाही." तो फोन उचलून पुन्हा पहिला प्रश्न वाचायला लागला. दोघं जेवायला बसली तरी प्रश्न चालूच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात बाईंची सातवी ओळीनं बसली होती. बाईंच्या हातात पडदा पुढे सरकवायचं छोटं यंत्र होतं. त्याचं एकच बटण. ते बोटाला कळत होतं, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. मागच्या खुर्चीत साहेब बसले होते, म्हणजे पांढरा शर्ट आणि वर धुकं. पदराच्या टोकाला त्या पुन्हापुन्हा घाम पुसत होत्या.

"सुरू करा मॅडम," प्रशिक्षक मुलगी म्हणाली.

बाईंनी बटण दाबलं. पडदा उजळला. त्यांनी पडद्याकडे नीट तोंड केलं, वाचणारा माणूस करतो तशी मान किंचित पुढे काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "प्रश्न पहिला. नावाड्यानं भावाला पहिल्या फेरीत का नेलं नाही? पर्याय अ, होडीत जागा नव्हती. पर्याय ब..."

चारही पर्याय म्हणून झाले. सभागृहात कुणी हललं नाही. टॅबवर बोट टेकवल्याचा आवाज नाही, कुजबुज नाही. इतकी शांतता बाईंनी वर्गात कधी ऐकली नव्हती.

"दाबा की रे उत्तर," त्या म्हणाल्या.

"मॅडम..." प्रशिक्षक मुलगी हळूच म्हणाली. "पडद्यावर तो प्रश्न नाहीये."

मागून कागद बाजूला ठेवल्याचा आवाज आला. "काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, सकाळी सगळ्यांच्या चाचण्यांना मी ती सोय लावली ना, मुलांनी उत्तरांचा क्रम पाठ करून येऊ नये म्हणून. प्रश्नांचा क्रम आपोआप बदलतो. मॅडमना सांगायचं राहिलं माझ्याकडून." मग ती थांबली. सांगायचं राहिलं असलं तरी पडद्यावर समोर लिहिलेलं होतं, हे तिच्याही ध्यानात आलं असावं.

दहाच्या दहा प्रश्न त्यांच्या डोक्यात होते, पण यातला कोणता आत्ता समोर आहे हे सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांनी पडद्याच्या कडेला बघितलं, वर बघितलं, खाली बघितलं. पांढऱ्यावर काळं काहीतरी होतं. संपलं, असं त्यांना स्पष्ट वाटलं. आता साहेब उठतील, जवळ येतील आणि विचारतील. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"बाई, मी वाचू का?"

तिसऱ्या रांगेत एक मुलगी उभी राहिली होती. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून पोरं तिला शिडी म्हणायची. बाईंनी काही म्हणायच्या आधीच ती साहेबांकडे वळून म्हणाली, "सर, आमच्या वर्गात असंच असतं. बाई एक प्रश्न आधी तोंडी म्हणून दाखवतात, मग बाकीचे आम्ही नंबरानं वाचतो." आणि तिनं पडद्यावरचा प्रश्न वाचला. भावानं होडी रंगवायला का घेतली, त्याचे पर्याय चार.

टॅब वाजले. खांब उभे राहिले. रंग बाईंना कळत होते. "हिरव्यावर एवढे कमी का?" त्यांनी विचारलं. एका मुलानं कारण सांगितलं, दुसऱ्यानं ते खोडलं. बाई म्हणाल्या, भावाच्या जागी तू असतास तर? आणि मग पोरं भांडायलाच लागली. पुढचा प्रश्न शिडीच्या शेजारच्या मुलानं आपणहून उठून वाचला, त्यापुढचा त्याच्या पलीकडच्या मुलीनं. कुणी कुणाला खूण केली नाही. दहा प्रश्न संपले तेव्हा तास संपल्याचं कुणाला भान नव्हतं.

साहेब पुढे येऊन म्हणाले, "विद्यार्थ्यांचा सहभाग फारच छान. यंत्र नवीन असून तुम्ही वर्ग हातातून जाऊ दिला नाहीत. तुमचं काम झालं बाई." मागून दणदणीत आवाजाच्या सरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला. भिंतीला टेकून त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या.

मुलं टॅब जमा करून ओळीनं बाहेर पडत होती. शिडी जवळून जाताना बाईंनी तिचा दंड धरला आणि बाजूला घेतलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

ती चुळबुळली. "सहावीपासून."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना माहितीये बाई. आम्ही कुणाला सांगितलं नाही. घरी पण नाही."

बाईंना हसावं की रडावं कळेना. अडीच वर्षं त्या ज्यांच्यापासून लपवत होत्या, ती सगळी कधीची त्यांच्या बाजूनं उभी होती. त्यांनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "पण तुम्हाला कळलं कसं?"

शिडीनं दाराकडे बघितलं.

"सांग गं. रागावणार नाही."

"वहीवरून," ती म्हणाली. "मी सहावीत एकदा निबंधाच्या वहीत पानभर एकच ओळ लिहिली होती. तुम्ही खाली छान लिहिलंत. सही पण केलीत."

"कोणती ओळ?"

"बाई, हे वाचा." मुलगी खाली बघत होती. "दुसऱ्या दिवशी परत लिहिली. मग सोडून दिलं. आता निबंध आम्ही एकमेकांचेच वाचतो. पण आम्हालाही कुठे कळतं काय चुकलंय ते."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नव्हती. म्हणूनच ते बाईंच्या काळजात रुतलं. त्यांनी तिला जायला सांगितलं आणि रिकाम्या सभागृहात पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या. गेले आठ दिवस त्या वर्ग जाईल म्हणून घाबरल्या होत्या. वर्ग केव्हाच हातातून गेला होता आणि पोरं तो त्यांच्यासाठी धरून बसली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि भीती तर अजूनही होती, फक्त ती आता साहेबांची नव्हती. उद्या सकाळी उठून कुठे जायचं, याची होती.

प्रशिक्षक मुलगी तारा गुंडाळत होती. "मॅडम, तुमचं प्रमाणपत्र दुपारी मिळेल," ती म्हणाली. मग जवळ येऊन, जरा थांबून, "मॅडम, तुम्हाला पाणी आणू का?"

"नको. तुझा संगणक चालू आहे ना अजून? मग एक अर्ज लिहायचाय. मी सांगते, तू टाइप कर."

"कुणाला मॅडम?"

"मुख्याध्यापकांना."

मुलगी बसली. बाई उभ्या राहिल्या. शुद्धलेखन घालताना त्या नेहमी उभ्या राहत, म्हणजे आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्यांनी हात मागे बांधले आणि सांगायला सुरुवात केली. एक वाक्य सांगायचं, थांबायचं, तेच पुन्हा सांगायचं. माझी दृष्टी अडीच वर्षांपासून अधू आहे. माझी दृष्टी अडीच वर्षांपासून अधू आहे. ही गोष्ट मी लपवली. ही गोष्ट मी लपवली. सातवीच्या मुलांच्या वह्या दुसऱ्या शिक्षकाकडून पहिल्यापासून तपासून घ्याव्यात आणि मला वर्गातून मोकळं करावं.

मुलीची बोटं तिथे थांबली. "मॅडम, आज तर तुम्ही पास झालात."

"लिही," बाई म्हणाल्या. "मला वर्गातून मोकळं करावं."

मुलीनं लिहिलं. बाईंनी चाचपडत शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसल्या. चेहरा कुठे आहे याचा अंदाज घेऊन तिच्याकडे वळल्या.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "जरा वाचून दाखव."