सकाळी सातची रेघ

इश्राफच्या पाळीत पेशंट दगावला तरी तिचा हात थरथरत नसे, आणि विदादला नेमकं तेच खुपत असे.

स्फाक्स शहरातल्या त्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात विदादची एकोणीस वर्षं झाली होती, इश्राफची तीन. तरी नातेवाईक दारात आले की विचारत, ती शांत सिस्टर कुठंय? ईदनंतर विभागाला नवी इन्चार्ज नेमायची होती. विदाद कधीची त्या जागेवर डोळा ठेवून होती, पण मेट्रनबाईंच्या तोंडी इश्राफचंच नाव.

अशात वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर नझीहा आल्या. त्यांना कर्मचाऱ्यांवरचा ताण मोजायचा होता. आठवडाभर प्रत्येकीने मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधायचा. नाव नाही, फक्त नंबर. पट्टे वाटायचं काम ज्येष्ठ म्हणून विदादकडे आलं. इश्राफला तिने नऊ नंबर दिला आणि मुद्दाम लक्षात ठेवला.

"लल्ला विदाद, माझा पट्टा कंटाळून झोपून जाईल बघा," इश्राफ म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला तिकडे लल्ला म्हणत.

"जाईलच. धडधडायला आधी काळीज लागतं, पोरी."

बाकीच्या हसल्या. इश्राफही हसली.

आठवडा संपल्यावर नझीहांनी विदादला कॉफीला बोलावलं. कुठल्या वेळी विभागात काय काम चालतं, हे त्यांना आलेखांशी ताडून पाहायचं होतं. विदादची नजर थेट नऊवर गेली. इश्राफची रात्रपाळी होती. रेघ रात्रभर संथ. गुरुवारी दोन नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले, तिथे जेमतेम उंचवटा. पण सकाळी सातला एकदम सुळका. जवळजवळ रोज.

विदादच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे बाईसाहेब शांतबिंत काही नाहीत. हा कागद मेट्रनबाईंच्या टेबलावर कसा पोचवावा, तेही तिने ठरवून टाकलं.

"सातला काय असतं हो?" नझीहांनी विचारलं. "मंगळवारी मात्र रेघ सपाट आहे."

सातला ओव्हर असतो. रात्रीची सिस्टर दिवसाच्या सिस्टरला एकेक पेशंट समजावून देते. मंगळवारी विदाद दाढ काढायला गेली होती. ओव्हर दुसरीने घेतला होता.

तिला आपलेच प्रश्न ऐकू आले. लघवी किती झाली? मोजलीस की अंदाजे? मोजलीस तर लिहिली का नाहीस? सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, वीस-वीस मिनिटं. आणि ती पोर वही धरून, हसतमुखाने, हो लल्ला, लिहिते लल्ला.

नझीहांनी चार नंबरचा कागद पुढे सरकवला. "आणि ही गंमत बघा. ही बाई दिवसभर धडधडते, सातलाच काय ती निवांत."

चार नंबर विदादचा होता.

ओव्हर घेणारी बदलत असते, असं म्हणता आलं असतं. विदादने चारचा कागद नऊच्या शेजारी ठेवला.

"ओव्हर मी घेते," ती म्हणाली. "चार नंबर माझाच."

नझीहा मान खाली घालून लिहू लागल्या. विदाद त्या सुळक्याकडे बघत राहिली. एकशे बत्तीस ठोके, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. इन्चार्ज अशीच असावी लागते, हे तिलाही कळत होतं. तिला त्याचाही हेवा वाटला.