तिच्या मापाचा चमचा

शिंप्याला कुणी सांगितलं होतं लाकडाच्या नादी लागायला? पण बायकोनं जेवण सोडलं होतं. आजारपणात ती पार वाळून गेली होती. स्टीलचा चमचा ओठाला लागला की तोंड फिरवायची. गार लागतो, दातावर आपटतो, म्हणून नको म्हणते, असं शिंप्यानं आपलं आपणच ठरवून टाकलं. लाकडाचा छोटा चमचा केला की खाईल, आणि खाल्लं की जगेल. त्याच्या लेखी गोष्ट इतकी सरळ होती.

"बाबा, दुकानात मिळतो की," लेक म्हणाली.

"दुकानदाराला तिचं माप कुठे ठाऊक?"

झालं! खालच्या मजल्यावरच्या सुताराकडून नरम लाकडाचे चार तुकडे आणि एक वाकडी सुरी आणली, आणि स्वारी मागच्या गॅलरीत ठाण मांडून बसली. बायको झोपलेली असताना टेपनं तिच्या तोंडाचं माप घ्यायलाही कमी केलं नाही. तरी पहिला चमचा झाला फावड्याएवढा! चाळीस वर्षं कापडाला कडेनं अर्धा इंच जास्त सोडायची सवय. हातानं तो लाकडालाही सोडला. मग कडा तासायला गेला, तर आतून कोरलेली वाटी टचकन चिरली.

"अहो मास्तर, हे उसवून परत शिवता येत नाही," सुतार हसत म्हणाला. "आधी बाहेरचा आकार, मग खळगा. आणि लाकडाच्या रेषेच्या उलट सुरी चालवू नका."

दुसऱ्या चमच्याच्या तळाला भोक पडलं. बोटांना चार ठिकाणी पट्ट्या लागल्या. आतून बायको क्षीण आवाजात हाक मारायची, "अहो..." आणि हा पठ्ठ्या तिथूनच ओरडायचा, "आलो, आलो! एवढी कड झाली की आलोच." शेवटी लेकच जाऊन पाण्यानं ओठ ओले करायची, कूस बदलून द्यायची. असे आठ दिवस गेले.

तिसरा मात्र जमला. पॉलिशपेपरनं घासून घासून गुळगुळीत केला, स्वतःच्या ओठांवरून फिरवून पाहिला, आणि कोमट सूप घेऊन शिंपी ऐटीत तिच्या उशाशी गेला.

तिनं चमचा हातात घेतला, उलटासुलटा केला. "किती सुरेख झालाय हो."

"मग घे ना एक घोट. माझ्यासाठी."

तिनं मान हलवली. "चमच्याचा काही दोष नव्हता. मला गिळवतच नाही आता. डॉक्टर तुमच्यासमोरच बोलले होते ना?"

बोलले होते. ह्यानंच कानाआड केलं होतं.

"मग हाका मारायचीस, त्या कशाला गं?"

"तुम्ही जवळ बसावं म्हणून."

शिंपी मटकन खाली बसला आणि पोरासारखा ढसाढसा रडला. आठ दिवस! दार उघडं होतं, दहा पावलांवर ती होती, आणि हा शहाणा तिच्याकडे पाठ करून लाकूड तासत होता. तिनं त्याचा पट्ट्या बांधलेला हात ओढून छातीशी धरला.

"आता नाही उठणार मी इथून," तो म्हणाला.

आणि खरंच उठला नाही. पण तिच्याजवळ आता दीडच दिवस उरला होता.